पट्टेरी पान, कोरी पट्टी

बिगोनिया लिस्टाडाचं पान तिरप्या उजेडात बघावं. वरून उजेड पडला की ते नुसतं गडद हिरवं दिसतं. उजेड बाजूने आला की अंगावरची बारीक लव उठून दिसते आणि मग त्या हिरव्याचा तळ लागत नाही. या गडद रंगातून एक पोपटी पट्टा मधल्या शिरेवरून निघून जातो. पान देठावर सरळ बसलेलं नसतं, कललेलं असतं. एका अंगाला ते निमुळतं होत टोकाकडे जातं आणि दुसऱ्या अंगाला देठाच्या मागे एक लांबट पाळी उतरते. पट्टा टोकाकडे जातो तसा या पाळीतही उतरतो, म्हणून सगळं पान कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात रंगवल्यासारखं वाटतं. पान उलटं केलं की खालची बाजू तांबूस. फुलं पांढरी, लहान, पाकळ्यांच्या पाठीवर लालसर केस असलेली. फुलांसाठी हे झाड कुणी लावत नाही, पण तीही थांबून बघण्यासारखी आहेत.

माझ्याकडे हे झाड आलं तेव्हा कुंडीत खोचलेल्या पट्टीवर ‘शोभेचं झाड, पट्टेरी पान’ एवढंच लिहिलेलं होतं. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि अजूनही अशी पट्टी दिसली की वाटतं. वर्णन खोटं नव्हतं. पण पट्टेरी पानांची झाडं काय थोडी आहेत? ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना पट्टेरी, ॲफेलँड्रा पट्टेरी, कॅलॅथियाच्या कितीतरी जाती पट्टेरी, आणि जिला लोक ‘सासूची जीभ’ म्हणतात ती सान्सेव्हिएरियाही पट्टेरीच. सान्सेव्हिएरिया पाण्याशिवाय आठवडेच्या आठवडे तग धरते आणि जास्त पाणी झालं की मुळापासून कुजते. बिगोनियाला दमट हवा लागते, कडक ऊन नको असतं, आणि माती ओलसर पण निचऱ्याची हवी असते. ‘पट्टेरी पान’ एवढ्या माहितीवर या दोघींना कुणी सारखंच वागवलं, तर त्यातली एक नक्की मरणार. नाव माहीत असलं की निदान कुणाला विचारता येतं, कुठे शोधता येतं.

आणि नुसत्या पाणी-उन्हाच्या पलीकडेही नावाचं एक काम असतं, तेच मला मोठं वाटतं. लिस्टाडा हे नाव कळलं की कळतं, हे झाड दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि त्यांना लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या भागातलं. लायमन स्मिथ आणि डीटर वासहाउसेन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. लिस्टाडा म्हणजे पट्टेदार, म्हणजे त्यांनीही जे दिसलं तेच लिहिलं. फरक एवढाच, की त्यांनी लिहिलं त्याच्यामागे वाळवून जपलेला नमुना आहे, तो कुठून आला याची नोंद आहे, आणि फुला-फळांचं वर्णन आहे. शंका आली तर कुणीही मागे मागे जात त्या नमुन्यापर्यंत पोचू शकतो. कुंडीतल्या झाडाला त्याच्या रानाशी जोडून ठेवणारी तेवढीच एक गोष्ट उरलेली असते.

मात्र याच नावाचा पहिला अर्धा भाग धरून मागे गेलं, तर वाट वेगळ्याच ठिकाणी पोचते.

बिगोनिया हे नाव शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मबंधूने दिलं. १६४६ साली जन्मलेला हा माणूस वनस्पतींच्या मागे अक्षरशः समुद्र ओलांडून गेला. कॅरिबियन बेटांवर हिंडून त्याने शेकडो झाडांची चित्रं काढली. फुक्सिया, लोबेलिया, मॅग्नोलिया ही नावंही त्याचीच; तीन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आठवणीसाठी त्याने ती ठेवली. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ती उचलली आणि १७५३ च्या ग्रंथात बिगोनियाही कायमची झाली. खुद्द प्ल्युमिएचं नाव प्लुमेरियात राहिलं, म्हणजे आपल्या खुरचाफ्यात. हे कळल्यापासून चाफ्याखाली उभं राहिलं की मला त्या माणसाची आठवण येते.

पण बिगोनियातला बेगाँ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. मिशेल बेगाँ हा चौदाव्या लुईचा अधिकारी. १६८२ ते १६८५ या काळात तो कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांचा कारभार बघत होता. विद्वानांना आधार देणारा, दुर्मीळ वस्तूंचा संग्रह करणारा. प्ल्युमिएचं नाव त्यानेच राजाकडे सुचवलं, म्हणून प्ल्युमिएला समुद्रप्रवास घडला. उपकार मोठा होता, आणि त्याची परतफेड एका झाडाच्या नावाने झाली. इथवरची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि इथेच थांबवली जाते.

बेगाँच्या कारभाराच्या त्याच वर्षांत आणखी एक कागद तयार होत होता. बेटांवरच्या गुलामांविषयी कायदा करायचा होता, आणि त्याचा मसुदा ज्या टिपणांवरून बनला ती तिथल्या गव्हर्नराने आणि बेगाँने मिळून पाठवली होती. बेगाँच्या आधीच्या अधिकाऱ्याचाही त्यात हात होता. १६८५ साली तो कायदा निघाला. ‘कोद न्वार’ म्हणजे काळी संहिता या नावाने तो ओळखला जातो. त्यात माणूस ही जंगम मालमत्ता ठरवली गेली. जो गुलाम पळून जाईल आणि महिनाभर सापडणार नाही, त्याचे कान कापावेत आणि एका खांद्यावर डाग द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. डाग कसला, तर लिलीच्या फुलाचा. ते फ्रेंच राजघराण्याचं चिन्ह होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी पुढे वाचू शकले नाही. जिचं पान मी इतक्या प्रेमाने पुसते, त्या झाडाच्या नावात हा माणूस बसला आहे. आणि ज्यांच्या खांद्यांवर फूल डागलं गेलं, त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या फुलाला नाही.

मग हे नाव बदलावं का? यावर मी बराच विचार केला आहे. बिगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आज नोंदलेल्या आहेत. प्रजातीचं नाव, म्हणजे हा पहिला अर्धा भाग, बदललं तर इतक्या सगळ्यांची नावं बदलतील, आणि अडीचशेहून अधिक वर्षांची पुस्तकं, नमुने, चित्रं यांच्याशी असलेला धागा तुटेल. मला ते नको वाटतं. पण नाव ठेवणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. बिगोनिया कुणाच्या नावावरून आली हे सांगताना ‘एक वनस्पतिप्रेमी अधिकारी’ एवढ्यावर भागवू नये. दुसरी अर्धी गोष्टही सांगावी, लहान मुलांनाही सांगावी. जिथे शब्दच शिवी आहे तिथे मात्र तो काढलाच पाहिजे. २०२४ साली माद्रिदला जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मतदान करून ‘काफ्रा’ आणि त्या शब्दापासून बनलेली नावं बदलायचं ठरवलं. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना हिणवण्यासाठी तो शब्द वापरला जायचा. आता त्या जागी ‘आफ्रा’ असं लिहायचं. एक अक्षर गेलं आणि दोनशेहून अधिक वनस्पती, बुरशी, शेवाळं यांच्या नावातला अपमान गेला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

रानातल्या जातींचं हे असं. माणसाने घडवलेल्या वाणांचा कायदा निराळा आहे. लागवडीतल्या वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ साली पहिल्यांदा निघाली. वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचं, ते एकाच वाणाला द्यायचं, आणि १९५९ पासून नवं नाव लॅटिनमध्ये ठेवायचं नाही, चालू भाषेतलं ठेवायचं. नियम कोरडे वाटतात, पण त्यांच्यामागचा विचार मला आवडतो. नव्या वाणाचं नाव माळ्याला, विकणाऱ्याला, घरी कुंडी ठेवणाऱ्याला बोलता आलं पाहिजे.

इथे बिगोनियाची एक अजब गोष्ट सांगायलाच हवी. ‘एरिथ्रोफायला’ नावाचा एक संकर आहे, गोल चकचकीत पानांचा, खालून लालभडक. तो १८४५ साली जर्मनीत तयार झाला. त्या पहिल्या झाडानंतर तो बियांपासून वाढवलेला नाही. कुणीतरी खोडाचा तुकडा मोडला, ओल्या मातीत खोचला, तो जगला. त्याचा तुकडा दुसऱ्याने नेला, त्याचा तिसऱ्याने. आज जगात कुठेही खरा ‘एरिथ्रोफायला’ असेल तर तो त्या पहिल्या झाडाचाच देह आहे. त्याची मुलं-नातवंडं नव्हेत, तेच झाड. पावणेदोनशेहून अधिक वर्षं ते मेलेलंच नाही. रेक्स बिगोनियाचं तर पान पुरतं. पिकलेलं नाही असं पान घ्यायचं, मागच्या जाड शिरांवर ब्लेडने लहान काप द्यायचे आणि पान ओल्या वाळूवर सपाट टेकवून ठेवायचं. काही आठवड्यांनी कापांपाशी तिळाएवढी पानं उगवतात, आणि त्या तिळाएवढ्या पानावरही आईच्या पानाची नक्षी उमटायला लागलेली असते. हे जितक्या वेळा बघावं तितकं थोडं.

असं पसरणाऱ्या झाडाबरोबर नाव आपोआप जात नाही. झाडाचा तुकडा हातोहात जातो आणि पट्टी मागे राहते. घेणारा म्हणतो, “नाव काय याचं?” देणारा म्हणतो, “काय की, छान आहे ना पण?” तेवढ्यात शंभर वर्षांची साखळी तुटते. झाड जिवंत, पण आता ते कुणाचं, कुठलं, केव्हाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. ट्यूलिपच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. ‘सेंपर ऑगस्टस’ हा सतराव्या शतकातला हॉलंडचा सगळ्यात गाजलेला ट्यूलिप, पांढऱ्या पाकळ्यांवर लाल ज्वाळा असलेला. त्या ज्वाळा विषाणूमुळे उमटत होत्या हे डोरोथी केली या संशोधिकेच्या कामातून १९२८ साली पुढे आलं. ज्या विषाणूने सौंदर्य दिलं त्यानेच कंद वर्षागणिक क्षीण केले. आज ‘सेंपर ऑगस्टस’ चित्रांत आहे, जुन्या नोंदींत आहे, जमिनीत कुठेच नाही. तिथे नाव राहिलं, झाड गेलं. आपल्या कुंड्यांत झाडं आहेत, नावं गेलेली आहेत.

बिगोनियाच्या पानांवरच्या रुपेरी ठिपक्यांचं रहस्य मात्र रोगाचं नाही. हरितद्रव्य कमी असेल म्हणून ते ठिपके पांढरे दिसत असतील असा आपला समज असतो. काही बिगोनियांचं संशोधन करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. रुपेरी जागी पानाची वरची त्वचा आणि तिच्याखालच्या हिरव्या पेशी यांच्यामध्ये हवेची बारीक पोकळी असते. उजेड तिथून परततो म्हणून आपल्याला ते रुपेरी दिसतं. खालच्या पेशी हिरव्याच असतात आणि आपलं काम जवळजवळ तितक्याच जोमाने करत असतात. मलेशियातल्या बिगोनिया पॅव्होनिनाची पानं तर निळी चमकतात. रानाच्या तळाशी पोचणारा मूठभर उजेड नीट टिपता यावा म्हणून तिच्या पेशींमधल्या हरितकणांची रचनाच खास झालेली आहे, हे २०१६ साली उघड झालं. आपण ज्याला शोभा म्हणतो आणि जिच्यावरून नाव ठेवतो, ती झाडाच्या लेखी अंधाऱ्या जागी पोट भरायची सोय आहे.

विक्रीच्या व्यवहारात नावांचं आणखी एक राजकारण आहे. वाणाचं अधिकृत नाव एकदा ठरलं की ते सगळ्यांचं होतं, त्यावर कुणाला मालकी सांगता येत नाही. नव्या वाणावरचा पैदासकाराचा हक्कही काही वर्षांनी संपतो. व्यापारचिन्ह मात्र नूतनीकरण करत कितीही वर्षं चालवता येतं. म्हणून मोठे पैदासकार अधिकृत नाव मुद्दाम उच्चारताही येणार नाही असं ठेवतात आणि गोड शब्दाचं व्यापारचिन्ह करतात. ‘रॅड्रॅझ’ नावाचा गुलाब कुणाला विचारा, माहीत नसेल. ‘नॉक आउट’ म्हणा, लगेच ओळखतील. दोन्ही एकच. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला नाव कळलं, आणि कळलेली असते ती जाहिरात. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. ‘पीस’ या गुलाबाला फ्रान्समध्ये पैदासकाराच्या आईचं, इटलीत आनंदाचं, जर्मनीत देवाच्या महिम्याचं आणि अमेरिकेत १९४५ साली शांततेचं नाव मिळालं. तीही एकाच गुलाबाची चार नावं, पण त्यांच्यामागे महायुद्धाने तोडलेले देश होते, हिशेबाची वही नव्हती.

शास्त्रज्ञही नावं बदलतात आणि मग लोक चिडतात. सान्सेव्हिएरिया आता ड्रॅसिनात गेली. कॅलॅथिया झेब्रिना गोएप्पर्टिया झाली. डीएनए तपासल्यावर नाती नव्याने कळली, त्याला कोण काय करणार? मी पट्टीवर दोन्ही नावं लिहिते, नवं वर आणि जुनं खाली कंसात. जुनं नाव पुसलं तर जुन्या पुस्तकातलं झाड सापडायचं नाही.

कधी कधी झाड आधी गाजतं आणि शास्त्रीय नाव मागून येतं. पानाच्या मधोमध काळसर तपकिरी क्रूस असलेली ‘आयर्न क्रॉस’ बिगोनिया १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस मेसन यांनी सिंगापूरहून इंग्लंडला नेली. घरोघरी ती पोचली तरी तिचं बिगोनिया मॅसोनियाना हे नाव रीतसर प्रसिद्ध व्हायला १९७१ उजाडलं. तिचं मूळ रान दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांत. नाव आणणाऱ्याचं लागलं. डोंगरात तिला आधीपासून ओळखणारे लोक असतीलच, ते काय म्हणत असतील ते नावात आलं नाही.

नाव माहीतच नसेल तेव्हा काय करावं, याची एक रीत मला फार भावते. १९३२ साली स्थापन झालेली अमेरिकन बिगोनिया सोसायटी जगभरच्या बिगोनिया वाणांची नोंद ठेवते. तिच्याकडे ओळख न पटलेली एखादी जात आली, तर ते अंदाजाने नाव चिकटवत नाहीत. तिला एक क्रमांक देतात, क्रमांकाआधी ‘यू’ हे अक्षर. झाड त्या क्रमांकाने वाढवलं जातं, वाटलं जातं, आणि पुढे कुणी तज्ज्ञ तिची ओळख पटवतो किंवा ती नवीनच जात निघते. तोवर क्रमांक धीराने वाट बघतो. अंदाजाने लिहिलेलं चुकीचं नाव कोऱ्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं. कोरी पट्टी बघून माणूस निदान शोध घेतो. चुकीचं नाव बघून तो शोध थांबवतो आणि तेच नाव पुढे दहा जणांना देतो. फोटोवरून झाड ओळखून देणाऱ्या ॲपवर विसंबून पट्ट्या लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ॲपने दिलेलं नाव पेन्सिलीने लिहा आणि पुढे ‘बहुतेक’ असं लिहा. फूल आल्याशिवाय बिगोनियाची पक्की ओळख पटवायची घाई करू नका.

पेन्सिलीचं म्हणाल तर, प्लास्टिकच्या पट्टीवर साधी मऊ शिसपेन्सिल चालते आणि वर्षानुवर्षं टिकते. पक्क्या म्हणवणाऱ्या शाईचे पेन उन्हात फिके पडतात. पट्टी कुंडीच्या कडेला मातीत खोल खोचावी, वर दिसेल तेवढ्या भागावर नाव आणि मातीत जाईल त्या भागावर कुणाकडून आलं, कुठल्या वर्षी, हे लिहावं. वरचा भाग तुटला तरी खालचा राहतो. कुणाला फांदी द्यायची असेल तेव्हा मी आधी पट्टी लिहिते, मग कात्री हातात घेते.

सध्या माझ्या लिस्टाडाला शेंगा धरल्या आहेत. बिगोनियात नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, झाड एकच. मादी फुलाच्या मागे तीन पंखांची शेंग असते, तिच्यावरूनच ती लांबून ओळखू येते. आत धुळीसारखं बी. शेजारी इतर बिगोनियाही फुलल्या आहेत, तेव्हा पराग कुणाचा आला सांगता येत नाही. या बियांतून जे उगवेल त्याला आईचं नाव लावायचा मला अधिकार नाही, ते कितीही पट्टेरी निघालं तरी. म्हणून त्यांच्या पट्ट्या मी लिहून ठेवल्या आहेत: लिस्टाडा, गुणिले चिन्ह, प्रश्नचिन्ह, आणि वर्ष.